शर्टाच्या आतून शर्टाच्या बाहेर: टेक्सासच्या ओपन कॅरीची भानगड

कडूलिंब (धागाकर्ती)

मंडळाच्या दिवाळीसाठी हॉल बघायला गेलो होतो. डॅलसच्या उत्तरेची उपनगरं, म्हणजे सगळे हॉल एका साच्यातले: पुढे ऐसपैस पार्किंग, आत पांढऱ्या खुर्च्या, आणि "स्वयंपाकघरात अन्न गरम करा, पण फोडणी नको" ही अट. या हॉलच्या काचेच्या दारावर मात्र तीन पाट्या होत्या. दोन जुन्या, उन्हाने विटलेल्या, आणि तिसरी नंतर चिकटवलेली. तिन्हींवर वर इंग्रजी, खाली स्पॅनिश, काळी ठसठशीत अक्षरं. आमच्याबरोबर एक काका होते, नाशिकहून मुलाकडे नुकतेच आलेले. चष्मा वर करून म्हणाले, "एवढं काय लिहिलंय गं? चपला बाहेर काढा?"

म्हटलं, "नाही काका. पिस्तूल बाहेर ठेवा."

ते हसले. मी हसत नाहीये हे बघून थांबले.

गाडीत त्यांना समजावताना लक्षात आलं, की या पाट्यांमागचं राजकारण माझ्या डोळ्यांदेखत झालंय आणि तेव्हा 'बंदूकवाले विरुद्ध बंदूकविरोधक' म्हणून मी ते सोडून दिलं होतं. ते तसं अजिबात नव्हतं. म्हणून हा धागा. अमेरिकेत बंदुका असाव्यात की नसाव्यात यावर इथे आधीच भरपूर हाणामारी झाली आहे. कृपया तिकडे जा. इथे फक्त एका कायद्याचा प्रवास: ओपन कॅरी, म्हणजे पिस्तूल न झाकता, उघड बाळगायची परवानगी.

आधी एक गैरसमज. टेक्सास म्हटलं की घोडा, टोपी आणि कमरेला पिस्तूल. पण पिस्तूल जवळ बाळगून फिरायला टेक्सासने १८७१ सालीच बंदी घातली होती. यादवी युद्धानंतरची पुनर्रचना चालू होती, एडमंड डेव्हिस गव्हर्नर होते. प्रवासी, स्वतःची जागा वगैरे अपवाद होते, पण बंदी ती बंदी, आणि ती सव्वाशे वर्षं टिकली. मेख अशी, की ही बंदी पिस्तुलाला होती. रायफल किंवा शॉटगन खांद्यावर टाकून तुम्ही भर बाजारातून जाऊ शकत होता, फक्त लोकांना घाबरवण्याच्या हेतूने नाही. लहान हत्याराला मनाई, मोठ्याला मोकळीक. हे लक्षात ठेवा, पुढचं सगळं नाटक यावरच आहे.

१६ ऑक्टोबर १९९१ ला किलीन गावात ल्यूबीज नावाच्या कॅफेटेरियात एकाने ट्रक घुसवला आणि गोळीबार केला. २३ माणसं गेली. तिथे सुझाना ग्रेशिया नावाची एक तरुणी आईवडिलांबरोबर जेवत होती. तिचं पिस्तूल बाहेर गाडीत होतं, कारण पर्समध्ये ठेवणं बेकायदा. दोघंही आईवडील गेले. पुढची काही वर्षं ती हीच गोष्ट समित्यांपुढे सांगत फिरली आणि नंतर आमदारही झाली. १९९३ मध्ये छुपं पिस्तूल बाळगू द्यावं का यावर जनमत घेण्याचं विधेयक आलं, ते गव्हर्नर ॲन रिचर्ड्स यांनी नाकारलं. १९९४ मध्ये त्या जॉर्ज बुश यांच्याकडून हरल्या (धाकटे बुश, पुढचे अध्यक्ष). १९९५ मध्ये बुश यांनी सही केली आणि १ जानेवारी १९९६ पासून परवाना काढून पिस्तूल बाळगता येऊ लागलं. अट एकच: ते दिसता कामा नये.

म्हणजे २०१५ चं भांडण 'पिस्तूल असावं का' याचं नव्हतंच. ते आधीच सव्वाआठ लाखांच्या आसपास परवानाधारकांकडे होतं. भांडण होतं शर्ट खोचायचा की बाहेर ठेवायचा याचं! आणि एवढ्याशा गोष्टीने विधिमंडळाचं अख्खं अधिवेशन ढवळून काढलं.

झालं असं, की २०१३-१४ मध्ये काही गटांनी ठरवलं, पिस्तूल उघड बाळगता येत नाही ना, मग रायफल बाळगू. चार-पाच जण पाठीला एआर-१५ रायफल लटकवून बरिटो खायला जाऊ लागले. फोटो टाकू लागले. परिणाम? चिपोटले (बरिटोवाली साखळी) आणि टार्गेट (दुकानांची साखळी) यांनी २०१४ मध्ये गिऱ्हाइकांना जाहीर विनंती केली, की बंदुका आणू नका. खुद्द नॅशनल रायफल असोसिएशनने या प्रकाराला 'विचित्र' म्हटलं. कार्यकर्ते भडकले, तर चार दिवसांत असोसिएशनने शब्द मागे घेतले.

मग जानेवारी २०१५. टेक्सासचं विधिमंडळ दोन वर्षांतून एकदा, विषम वर्षी, १४० दिवस बसतं. पहिल्याच दिवशी, १३ जानेवारीला, टॅरंट काउंटीतल्या ओपन कॅरी गटाची माणसं आमदारांच्या कार्यालयांत फिरली. पोंचो नेव्हारेझ नावाच्या ईगल पासच्या आमदाराने पाठिंबा नाकारला, तेव्हा त्याच्या खोलीतून निघेचनात. दारात पाय घालून उभे. हे सगळं त्यांनीच चित्रित करून नेटवर टाकलं. लगेच सभागृहाने नियम केला: ज्या आमदाराला हवं त्याच्या टेबलाखाली धोक्याचं बटण बसवून मिळेल.

विधेयक मांडायच्या आधी विधेयकाच्याच पाठीराख्यांमुळे पॅनिक बटण! सेनेटचं कामकाज चालवणारे लेफ्टनंट गव्हर्नर डॅन पॅट्रिक, म्हणजे कट्टर बंदूकसमर्थक माणूस, तेही त्याच महिन्यात म्हणाले की या विधेयकाला पुरेशी मतं दिसत नाहीत. त्यावर त्यांच्याच मतदारांनी असा काही शिमगा केला की फेब्रुवारीत सुनावणी लागलीसुद्धा.

पुढचं सोडवत बसत नाही, जाणकार येतीलच. लॅरी फिलिप्स यांचं विधेयक, एचबी (हाउस बिल) ९१०. मे अखेरीस प्रतिनिधीगृहात १०२ विरुद्ध ४३, सेनेटमध्ये २० विरुद्ध ११. १३ जून २०१५ ला गव्हर्नर ग्रेग ॲबट यांनी फ्लुगरव्हिलच्या एका शूटिंग रेंजवर जाऊन सही केली. १ जानेवारी २०१६ पासून परवानाधारकाला कमरेच्या किंवा खांद्याच्या होल्स्टरमध्ये पिस्तूल उघड लावता येऊ लागलं.

आणि दुसऱ्या पाटीचा जन्म झाला.

---

आगाऊ_कार्टं

फोडणीवर बंदी हा जास्त मोठा अन्याय आहे. त्यावर वेगळा धागा काढा.

---

सोलापुरी_चादर

चांगलं लिहिलंय. मी ह्युस्टनला, २०११ पासून परवानाधारक. बंदूकवाला म्हणून मला इथे नेहमीच्या शिव्या पडतील, पण थोडं आतलं सांगतो.

'शर्ट खोचायचा की नाही' हे विनोदी वाटतं, पण आमच्यासाठी तेव्हा ते तसं नव्हतं. ऑगस्टात ह्युस्टनला ४० अंश आणि वर दमट हवा. पातळ टी-शर्ट, आत पोटाला चिकटलेलं दोन-तीन पौंडी लोखंड. वरच्या फळीवरचा तांदळाचा डबा काढायला हात वर केला की शर्ट वर. मुद्दाम दाखवलं तरच गुन्हा होता, हे खरं. पण मुद्दाम दाखवलं की शर्ट सरकला, हे ठरवणार कोण? समोरचा घाबरलेला माणूस आणि त्याने बोलावलेला पोलीस. माझ्या वर्गातल्या प्रशिक्षकाने अर्धा तास यावरच घालवला होता.

माझ्यासारख्यांना ओपन कॅरी हवं होतं ते मिरवायला नाही, तर चुकून दिसलं तर परवाना जाऊ नये म्हणून. आणि गंमत म्हणजे कायदा झाल्यापासून मी एकदाही उघड लावलेलं नाही. कोण लावतं? चोराला आधीच सांगायचं, पहिली गोळी मला घाल म्हणून?

त्या रायफलवाल्यांबद्दल मात्र तुमच्याशी शंभर टक्के सहमत. आमच्या रेंजवर त्यांना काय म्हणायचे ते इथे लिहिलं तर संपादक उडवतील.

---

वांगीभात

> कोण लावतं?

इथेच तर. नऊ वर्षं ऑस्टिनमध्ये आहे, दुकानात उघड पिस्तूल लावलेला माणूस मला चारदा दिसला असेल. त्यातला एक अंडी निवडत होता. प्रत्येक अंडं उचलून, फिरवून, तडा गेलाय का बघत होता, आणि कमरेला हे एवढं मोठं धूड. माझी लेक सहा वर्षांची, तिने विचारलं, "बाबा, तो पोलीस आहे का?" मी नाही म्हटल्यावर तिचा पुढचा प्रश्न: "मग तो चांगला माणूस आहे हे त्याला कोणी सांगितलं?"

मला उत्तर आलं नाही. आम्ही अंडी न घेता पुढे गेलो.

---

मृगनक्षत्र

धागाकर्तीने "पुढचं सोडवत बसत नाही" म्हणून जिथे उडी मारली, नेमका तिथेच खरा मसाला आहे. दोन गोष्टी.

एक. २० विरुद्ध ११ हा आकडा पुन्हा बघा. टेक्सास सेनेटमध्ये ३१ जागा. कित्येक दशकं तिथे प्रघात होता की विधेयक चर्चेला घ्यायलाच दोनतृतीयांश, म्हणजे २१ जण लागत. थोडक्यात ११ जण एकत्र आले की विधेयक दारातच अडलं. जानेवारी २०१५ मध्ये, पॅट्रिक खुर्चीत बसल्या बसल्या, सेनेटने हा उंबरठा २१ वरून १९ वर आणला. रिपब्लिकन होते २०. बाकीचं गणित तुम्हीच करा. जुना नियम असता तर विरोधातल्या ११ जणांना नुसतं एकत्र राहायचं होतं. रायफलवाल्यांनी दारात पाय घातल्याच्या बातम्या झाल्या, पण खरं दार उघडलं ते या कंटाळवाण्या नियमाने, आणि त्याचं चित्रीकरण कोणी केलं नाही.

हाच खेळ पुन्हा झाला. २०२१ च्या जानेवारीत रिपब्लिकन १८ उरले होते, तर उंबरठा १९ वरून १८ वर. त्याच वर्षी मे महिन्यात परवान्याशिवाय पिस्तूल बाळगू देणारं विधेयक सेनेटमध्ये किती मतांनी मंजूर झालं? १८ विरुद्ध १३.

दोन. २०१५ मधली सगळ्यात कडाक्याची भांडाभांडी बंदुकीवर झालीच नाही. ती झाली एका दुरुस्तीवर: नुसतं पिस्तूल दिसतंय, बाकी काही संशय नाही, तर पोलिसाला त्या माणसाला थांबवून परवाना मागता येईल का? दुरुस्ती म्हणत होती, येणार नाही. मांडली कोणी? ह्युस्टनचे हॅरल्ड डटन, डेमोक्रॅट, कृष्णवर्णीय. त्यांचं म्हणणं साधं होतं: उघड पिस्तुलाला परवानगी दिलीत, तर थांबवून थांबवून कोणाला विचारलं जाणार आहे हे मला ठाऊक आहे, माझ्या मतदारसंघातल्या पोरांना. आणि त्यांच्या बाजूने उभे कोण? डॅलसचे डॉन हफाइन्स, सेनेटमधले कडवे उजवे. त्यांचं कारण वेगळं: सरकारने विनाकारण झडती घेऊ नये हे घटनेत लिहिलंय. एरवी ही दोन माणसं एका टेबलावर बसली नसती.

विरोधात पोलीस संघटना. आणि रिपब्लिकन सेनेटर जोन हफमन, पूर्वी सरकारी वकील आणि न्यायाधीश. म्हणजे कायदा-सुव्यवस्थावाले रिपब्लिकन एकीकडे, स्वातंत्र्यवाले रिपब्लिकन दुसरीकडे आणि डेमोक्रॅट दोन्हीकडे विखुरलेले. दुरुस्ती प्रतिनिधीगृहात घातली गेली, सेनेटच्या समितीने काढली, सेनेटच्या पटलावर हफाइन्सनी परत घातली. आता पोलीस संघटना गव्हर्नरकडे धावल्या, की हे असंच आलं तर नकाराधिकार वापरा. शेवटी दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीत ती गुपचूप गळली आणि विधेयक मोकळं झालं.

तर पोलिसाने विचारावं की नाही? कायदा त्यावर गप्प राहिला. वांगीभात यांच्या मुलीने अंड्यांपाशी विचारला तोच प्रश्न विधिमंडळाने दोन महिने घोळवला आणि उत्तर न देताच घरी गेलं.

---

कडूलिंब

मृगनक्षत्र, हे २१-१९-१८ मला माहीत नव्हतं. हे मूळ लेखात हवं होतं. 🙏

---

घाटावरचा_१९

म्हणूनच डॅलसमध्ये २०१६ ला पाच पोलीस मेले. ओपन कॅरीचा कायदा केला आणि सहा महिन्यांत फळ मिळालं. सिंपल.

---

सोलापुरी_चादर

इतकं सिंपल नाही हो. ७ जुलै २०१६ ला त्या मारेकऱ्याकडे रायफल होती आणि रायफल उघड बाळगायला टेक्सासात २०१६ चा कायदा लागतच नव्हता. धागा वाचून मग लिहा.

---

मृगनक्षत्र

चादर यांचा मुद्दा बरोबर, पण घाटावरचा यांच्या रागातही काहीतरी आहे. त्या दिवशी डॅलसमध्ये मोर्चा होता, त्यात वीसएक माणसं रायफली लटकवून चालत होती, कायद्याने. गोळ्या सुरू झाल्या, माणसं पळाली, त्यात हे रायफलवालेही पळाले. पोलिसांनी मागून बघितलं तर बंदूक घेऊन पळणारा माणूस. त्यांतल्या एकाचा फोटो पोलिसांनी 'संशयित' म्हणून ट्विटरवर टाकला. बिचाऱ्याने स्वतः जाऊन रायफल पोलिसांच्या हवाली केली. त्याचा काही संबंध नव्हता. डॅलसचे तेव्हाचे पोलीसप्रमुख डेव्हिड ब्राउन नंतर म्हणाले, की गोळीबार सुरू झाल्यावर गर्दीतला बंदूकधारी चांगला की वाईट हे आम्हाला कळायला मार्ग नसतो. २०१५ मध्ये टेक्सासच्या पोलीसप्रमुखांनी आपसांत सर्वेक्षण केलं होतं, त्यातले सुमारे तीनचतुर्थांश ओपन कॅरीच्या विरोधात होते. त्यांची भीती नेमकी हीच होती.

---

तिरफळ

गोव्यातून वाचतोय. आमच्याकडे सत्तरी तालुक्यात काजूची बागायत, रानडुकरांसाठी आजोबांच्या वेळची एक नळीची बंदूक, परवाना वडिलांच्या नावावर. निवडणूक लागली की ती गोधडीत गुंडाळून स्कूटरवरून पोलीस ठाण्यात जमा करायची. निकाल लागला की पावती दाखवून परत आणायची. मागल्या खेपेला गर्दी इतकी की हवालदार म्हणाला, "भाटकार, चार दिस रावात." तोवर डुकरांनी सुरण उकरून खाल्लं.

हा धागा वाचून डोकं चक्रावलं. तुमच्याकडे मतदान केंद्रातही चालते काय?

---

सोलापुरी_चादर

मतदान केंद्रात नाही चालत. शाळेत नाही, कोर्टात नाही, व्यावसायिक सामन्यांत नाही. ज्या बारची अर्ध्याहून जास्त कमाई दारूवर आहे तिथे नाही. दारावर लाल अक्षरांत मोठा '५१%' दिसतो तो त्यासाठी. भारतातून आलेले लोक त्याला सूट समजतात. माझे मेहुणे आत जाऊन विचारून आले होते.

---

आगाऊ_कार्टं

५१ टक्के सूट समजणाऱ्या मेहुण्यांना माझा दंडवत.

---

खडूफळा

विद्यापीठात शिकवतो, त्यामुळे थोडं विषयांतर, पण भावंडंच आहेत ही दोन्ही विधेयकं. त्याच अधिवेशनात एसबी (सेनेट बिल) ११ आलं: सरकारी विद्यापीठांच्या इमारतींत परवानाधारकांना पिस्तूल आणता येईल. मात्र झाकलेलं, उघड नाही. लागू झालं १ ऑगस्ट २०१६ ला. ऑस्टिनच्या विद्यापीठात १ ऑगस्ट १९६६ ला एकाने टॉवरवर चढून गोळीबार केला होता, त्याला त्या दिवशी बरोबर ५० वर्षं झाली. हा योगायोग कोणाच्या लक्षात आला नसेल यावर माझा विश्वास नाही.

राइस, बेलर, एसएमयू अशा खासगी विद्यापीठांना नकार द्यायची मुभा होती, त्यांनी नकार दिला. आम्हा सरकारीवाल्यांना नाही. ऑस्टिनमध्ये वास्तुकला विभागाचे डीन सोडून गेले, तीन प्राध्यापिका कोर्टात गेल्या आणि हरल्या. विद्यार्थ्यांनी दप्तराला काय लटकवून निषेध केला ते मी इथे लिहीत नाही, शोधा, पण त्या वस्तूला आवारात बंदी आणि पिस्तुलाला नाही हा त्यांचा मुद्दा बिनतोड होता.

सगळ्यात अजब नियम खोलीचा. ऑस्टिनमध्ये ज्या प्राध्यापकाला स्वतंत्र खोली आहे, तो त्या खोलीपुरती बंदी घालू शकतो. पण पाटी लावून भागत नाही, येणाऱ्याला तोंडी सांगायचं. माझा तिथला मित्र वर्षभर प्रत्येक विद्यार्थ्याला "ये, बस" म्हणायच्या आधी हे वाक्य म्हणत असे. पोरगं आलेलं असायचं इंटिग्रल अडला म्हणून. वाक्य ऐकून निम्मी पोरं "सॉरी सर" म्हणायची. कशाबद्दल सॉरी, ते त्यांनाही ठाऊक नसायचं.

---

पेठकरीण

माझा मुलगा यंदा तिकडे मास्टर्सला गेलाय. कॉलेजचं नाव लिहीत नाही. काल रात्री हा धागा वाचला आणि त्याला फोन केला, तर म्हणतो, "आई, मला वर्गात कोणाकडे आहे ते माहीत नाही आणि मी विचारही करत नाही." हे ऐकून जास्त काळजी वाटली.

---

वांगीभात

पेठकरीण ताई, इथे राहणारे आम्ही सगळे असंच जगतो, खोटं कशाला बोलू. पण रोज बघितलं तर मुलाला जास्त धोका हायवेवरच्या ट्रकांचा आहे. गाडी नीट चालवायला सांगा.

---

प्रवासी_पक्षी

कॅलिफोर्नियातून. आमच्याकडे ही गोष्ट उलटी घडली, म्हणून लिहितो. १९६७ पर्यंत कॅलिफोर्नियात भरलेली बंदूक उघड बाळगता येत होती. ओकलंडमध्ये कृष्णवर्णीयांच्या ब्लॅक पँथर पक्षाची तरुण मंडळी बंदुका घेऊन पोलिसांच्या गाड्यांच्या मागे फिरू लागली, आमच्या वस्तीत काय करता ते बघतो म्हणून. ताबडतोब डॉन मल्फर्ड नावाच्या रिपब्लिकन आमदाराने बंदीचं विधेयक आणलं. त्याला विरोध म्हणून २ मे १९६७ ला पँथर बंदुकांसकट थेट सॅक्रमेंटोच्या विधान भवनात शिरले. विधेयक पडायचं सोडून सुसाट पळालं. सही करणारे गव्हर्नर कोण? रोनाल्ड रेगन. मग २०१० च्या सुमारास गोरी मंडळी रिकाम्या पिस्तुलांसह कॉफी प्यायला जाऊ लागली, तर २०११ मध्ये तेही बंद केलं.

विधान भवनात बंदूक घेऊन गेलं की काय होतं, हे कोणाची बंदूक आहे यावर ठरतं. सॅक्रमेंटोत बंदी आली. ऑस्टिनात दारात पाय घातला, तर आमदारांच्या टेबलाखाली बटण आलं आणि विधेयकही मंजूर झालं.

---

मृगनक्षत्र

अगदी. आणि टेक्सासच्या १८७१ च्या बंदीचाही असाच दुहेरी इतिहास आहे. आली ती नुकत्याच मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांवर होणारा हिंसाचार आवरू पाहणाऱ्या सरकारच्या काळात. ते सरकार गेलं, बंदी राहिली, आणि पुढे बडगा कोणावर जास्त पडला असेल ते डटनसाहेबांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

---

कडूलिंब

तिसऱ्या पाटीबद्दल दोघांनी व्यनि (खासगी निरोप) केला, म्हणून इथेच लिहिते.

२०१९ चा ऑगस्ट टेक्सासला फार वाईट गेला. ३ तारखेला एल पासोच्या वॉलमार्टमध्ये गोळीबार, मृतांचा आकडा शेवटी २३ झाला. महिनाअखेर मिडलँड-ओडेसामध्ये ७. वॉलमार्टनेच सप्टेंबरात सांगितलं, की आमच्या दुकानात उघड बंदूक आणू नका. गव्हर्नरनी चर्चेच्या बैठका घेतल्या, तेव्हा वाटलं होतं आता काहीतरी आवळलं जाईल. पुढचं अधिवेशन आलं २०२१ मध्ये आणि आलं काय, तर मॅट शेफर यांचं एचबी १९२७: २१ वर्षांवरील, कायद्याने अपात्र नसलेल्या माणसाला परवानाच नको. ना वर्ग, ना चाचणी. संयुक्त समितीनंतरचं अंतिम मतदान प्रतिनिधीगृहात ८२ विरुद्ध ६२ आणि सेनेटमध्ये १७ विरुद्ध १३. पोलिसांनी विनाकारण विचारू नये ही डटनांची जुनी दुरुस्ती इथेही वेगळ्या रूपात आली होती, आणि इथेही सेनेटने ती खुडली. बदल्यात काय मिळालं, तर सुरक्षा खात्याने फुकट ऑनलाइन वर्ग ठेवायचा. घ्यायची सक्ती नाही. १ सप्टेंबर २०२१ पासून लागू.

आणि म्हणून तिसरी पाटी. आकडे कायद्याच्या कलमांचे. पहिली, ३०.०६, म्हणते: परवानाधारका, झाकलेलं आणू नकोस. दुसरी, ३०.०७: परवानाधारका, उघड आणू नकोस. तिसरी, ३०.०५: परवाना नसलेल्या माणसा, तूही आणू नकोस. तीन प्रकारची माणसं, तीन पाट्या. दुकानदार आपल्या सोयीने एक-दोन लावतात. एचईबी या किराणा दुकानांच्या साखळीने २०१६ मध्ये झाकलेलं चालेल, उघड नको असं धोरण ठेवलं. व्हॉटाबर्गरनेही उघडला नकार दिला. म्हणजे विधिमंडळाने जो निर्णय घेतला नाही, तो काचेवर चिकटवायचं काम बर्गरवाल्याकडे आलं.

युवाल्डीच्या शाळेतल्या गोळीबारानंतर, २१ जीव गेल्यावर, रायफल विकत घ्यायचं वय १८ वरून २१ करा एवढंच मागणारं विधेयक २०२३ मध्ये समितीतून जेमतेम बाहेर पडलं. तेही ॲलनच्या मॉलमध्ये ८ जण मारले गेल्यानंतर दोन दिवसांनी. मग मुदत संपली, पटलावर आलंच नाही. ॲलन आमच्या घरापासून वीस मिनिटांवर आहे. त्या मॉलमध्ये आम्ही शाळेचे बूट घेतो.

---

सोलापुरी_चादर

या शेवटच्या परिच्छेदावर काही बोलत नाही. २०२१ चा कायदा मलाही पटला नव्हता, हे मात्र नोंदवतो. मी १४० डॉलर भरून, दिवसभर वर्गात बसून, नेमबाजीची चाचणी देऊन परवाना काढला (फी नंतर ४० केली). तोही अजून चालू ठेवलाय, कारण दुसऱ्या राज्यात गेलं तर तो लागतो. शेजारचा पोरगा आज दुकानातून घेतो आणि उद्या कमरेला लावतो. त्याला सेफ्टी कुठल्या बाजूला असते ते मी दाखवलं.

कडूलिंब, एक काम करा. पुन्हा हॉलवर जाल तेव्हा पाट्यांच्या अक्षरांना टेप लावून बघा. ३०.०६ आणि ३०.०७ साठी कायद्यात उंची दिलीय: निदान एक इंच, ठळक अक्षरं, रंग उठून दिसणारा, दोन्ही भाषा, मजकूर शब्दशः. त्यात कमी पडलं तर परवानाधारकावर ती पाटी बंधनकारक नाही. आमच्यातले काही महाभाग खिशात छोटी टेप घेऊन फिरतात.

---

आगाऊ_कार्टं

आणि पाटी बरोबर असून आत गेलं तर? फाशी?

---

सोलापुरी_चादर

जास्तीत जास्त २०० डॉलर दंड. पण तोंडी सांगूनही निघाला नाही, तर प्रकरण मोठं, तुरुंग होऊ शकतो.

---

पेठकरीण

कडूलिंब, मग हॉल बदला ना सरळ. शाळेचा घ्या. वर कोणीतरी लिहिलंय, शाळेत तसंही चालत नाही.

---

कडूलिंब

ताई, गणपती शाळेच्याच सभागृहात करतो. पण तिथे संध्याकाळी नऊला दिवे बंद होतात आणि आमच्या दिवाळीत नऊला तर नाटकाचा दुसरा अंक सुरू होतो.

आज अनामत द्यायला गेले होते. टेप नेली. ३०.०६ बरोबर एक इंच. तिसरीही ठीक. ३०.०७ ची अक्षरं पाऊण इंच निघाली, इंग्रजी आणि स्पॅनिश दोन्ही. मालकाला दाखवलं, तर तो म्हणाला, नऊ वर्षांत मोजणारी तूच पहिली. नवी पाटी मागवतो म्हणालाय, पण दिवाळीपर्यंत येईल याची खात्री नाही.

तोवर तोंडी सांगितलेलं चालतं, त्यामुळे दारात कोणीतरी उभं राहायला हवं. नाशिकचे काका तयार आहेत. इंग्रजी वाक्य लिहून घेतलंय, पाठ करतायत.